तपासणीची गाडी

शाळेची वार्षिक तपासणी जवळ आली की आमच्या कपाटातून एक गठ्ठा हमखास बाहेर निघे. पाच-सहा हुशार मुलांच्या, मोत्यासारख्या अक्षराच्या वह्या त्यात असत. तपासनीस साहेबांच्या मेजावर त्याच ठेवावयाच्या, असा शिरस्ता. मुख्याध्यापक या नात्याने मीही तो अनेक वर्षे पाळला. त्यात काही वावगे आहे असे वाटू लागले, ते मात्र हालोलच्या एका गाडीमुळे.

बडोद्याहून पावागडच्या वाटेला लागले की हालोल येते. जनरल मोटर्स कंपनीचा तेथील कारखाना १९९६ साली सुरू झाला. माझा एक विद्यार्थी तेथे नोकरीस लागला, तेव्हा तो शाळेत पेढे घेऊन आला होता. या कारखान्यातील शेवरोले टवेरा ही गाडी प्रवासी वाहतुकीसाठी पुष्कळ खपली. जुलै २०१३ मध्ये कंपनीने २००५ ते २०१३ या काळात तयार झालेल्या सुमारे १,१४,००० टवेरा परत बोलाविल्या.

मी त्या दिवसांत वाचलेल्या बातम्यांत गाड्यांचा आकडा ठळक होता, बडतर्फ झालेल्या अधिकाऱ्यांच्या वार्ता ठळक होत्या. दोषाविषयी मात्र दोन-चार ओळीच असत. दोष गाडीच्या धुरात होता. उत्पादनातील काही गाड्या वेळोवेळी सरकारमान्य तपासणीस जातात. कमी धूर सोडणारी इंजिने निवडून नेमक्या त्याच गाड्यांत बसवावयाची, असा प्रकार काही कर्मचाऱ्यांनी केल्याचे कंपनीनेच सरकारला कळविले. सरकारी चौकशी समितीनेही ही फसवणूकच ठरविली.

ब्रेक निकामी झाला तर मालक तक्रार करतो, वर्तमानपत्रे धाव घेतात. धुराचे तसे नाही. गाडी पळत असते, मालक समाधानी असतो. त्रास होतो तो मागून सायकलवर येणाऱ्याला आणि रस्त्याकडेच्या भाजीवालीला. त्यांच्याजवळ ना पावती, ना वॉरंटी. म्हणूनच त्यांच्या वतीने होणारी तपासणी खरी असावी लागते. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. सदोष गाड्या परत बोलाविण्याची सक्ती करण्याचा अधिकार सरकारला मिळाला आणि पर्यावरणास व रस्त्यावरील इतरांस होणारी हानीही त्यात धरली गेली, ही समाधानाची गोष्ट होय.

टवेराची बातमी ताजी असताना तो विद्यार्थी भेटावयास आला. मी जरा तावातावानेच बोललो. तो शांतपणे म्हणाला, “सर, तपासणीपुरते चांगले दाखवावे, हे आम्ही पहिल्यांदा कुठे पाहिले असेल?” त्याच्या मनात खोच नव्हती. परंतु मला कपाटातील तो गठ्ठा आठवला आणि उत्तर सुचले नाही.

हालोलमधील जनरल मोटर्सचे उत्पादन २०१७ साली थांबले. पुढे तेथे एमजीच्या गाड्या तयार होऊ लागल्या. आमच्या शाळेतही एक बदल झाला. तपासनीस साहेबांनी हजेरीपटावर बोट ठेवावे आणि त्या मुलाची वही आम्ही आणावी, असे ठरविले. पहिल्याच वर्षी शेरा मिळाला, “अक्षर व शुद्धलेखन सुधारण्यास पुष्कळ वाव आहे.” शिक्षकमंडळी हिरमुसली. मला मात्र इतक्या वर्षांत प्रथमच, उद्यापासून कोणाला काय शिकवावयाचे आहे, ते नेमके कळले.