काणी बियांत, दोष नजरेला!

ज्वारीच्या कणसांत दाण्याच्या जागीं मळकट पांढऱ्या पिशव्या दिसूं लागल्या व फोडल्यावर बोटांना काजळी लागली, कीं आमचे शेतकरी बंधु म्हणतात, "काणी पडली, नजर लागली!" मग लिंबू-नारळ, मग उतारा, शेवटीं भगताला कोंबडें. आम्ही चार शब्द सांगावयास गेलों तर उत्तर मिळतें, "गुरुजी, पुस्तकांतलें राहूं द्या." बरें, पुस्तक राहूं द्या; खळ्यावर तर चला.

मळणी बैलांनीं करा वा यंत्रानें, रोगट कणीस व चांगलें कणीस एकत्रच भरडलें जातें. पिशवी फुटते आणि बुरशीची काळी भुकटी चांगल्या दाण्यांना चिकटते. तोच दाणा आपण कणगींत बियाण्याकरितां ठेवतों. पेरल्यावर दाण्याबरोबर भुकटीही रुजते, कोंभांत शिरते आणि ताटाच्या पोटांतून वर चढते. ताट हिरवेंगार, कोणास संशय नाहीं. कणीस निसवलें म्हणजे सोंग उघडें पडतें. त्या वेळीं फवारा मारणें म्हणजे वरातीमागून घोडें.

आमच्या मातोश्रींस अक्षरओळख नव्हती, पण बियाण्याचीं कणसें त्या उभ्या पिकांतून निवडीत व वेगळीं बडवीत. आम्ही शिकून मास्तर झालों आणि एका वर्षीं घाईनें ढिगांतलेंच बी उचललें. काणी आमच्याच रानांत पडली!

बियाण्याला गंधक चोळणें हा यावर खरा उपाय. सरकारी पत्रकांत यालाच 'बीजप्रक्रिया' म्हणतात. तो शब्द ऐकून आमच्या शेजाऱ्यास वाटलें, कीं यास कांहीं यंत्र लागतें. अहो, मडकें लागतें! एक किलो बियाण्यास ३०० मेश गंधकाची भुकटी ४ ग्रॅम. एकराला बी सुमारें ४ किलो, म्हणजे गंधक अवघें १६ ग्रॅम. भगताच्या कोंबड्यालाही याहून जास्त मसाला लागतो. मडक्याचें तोंड बांधून दाण्यादाण्याला भुकटी लागेपर्यंत हालवावें. उरलेलें बी मात्र दळूं नये, गुराकोंबड्यांस घालूं नये.

कणसांत मोजकेच दाणे शिंगासारखे लांब वाढले असतील, तर ती लांब काणी. तिची भुकटी वाऱ्यानें येते, तेथें गंधक चालत नाहीं. तेवढ्यावरून गंधकाला खोटें ठरवूं नका. अशीं कणसें दिसतांच हलक्या हातानें पिशवींत घेऊन जाळावीं.

रब्बीची पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून. त्याआधींच्या बाजारांत गंधकाची पुडी आणा. तोलण्यास अडलें तर शाळेंत या, तराजू आहे.