चेतापेशीला न शिवता मेंदू निकामी करणारा आजार

मेंदूविज्ञानाची राष्ट्रीय बातमी आली, की ती बहुधा चेतापेशींचीच असते. त्यांच्याभोवती जे काही आहे त्याला ‘आधारपेशी’ म्हणून आपण मोकळे होतो. रुडॉल्फ फिरखो यांनी १८५६ मध्ये या ऊतीला ‘न्यूरोग्लिया’, म्हणजे चेतांचा डिंक, असे नाव दिले. ते नाव चिकटले ते कायमचेच! वास्तविक मानवी मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात आणि इतर पेशीही जवळपास तितक्याच.

ही दृष्टी किती अपुरी आहे, हे जबलपूरच्या रुग्णालयांना परिचित असलेला एक आजार दाखवतो: मेंदूचा हिवताप. यात फाल्सिपेरम परजीवी चेतापेशीत शिरतच नाही. तो रक्तातच, तांबड्या पेशीच्या आत राहतो आणि ती पेशी मेंदूतील केशवाहिनीच्या भिंतीला चिकटते. भिंतीलगत पेशीबाह्य आधारकाचा पातळ थर, त्याला टेकलेली ॲस्ट्रोसाइट पेशींची पावले आणि त्यांच्या पलीकडे चेतापेशी, अशी ही रचना. ती सैल झाली की रक्तद्रव झिरपतो, मेंदू सुजतो, मायक्रोग्लिया खवळतात आणि रुग्ण बेशुद्ध होतो. चेतापेशींची हानी होते खरी, पण शेजार कोसळल्यामुळे.

जबलपूरमधील आयसीएमआरचे शास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी २००८ मध्ये या रुग्णांच्या रक्ताचा अभ्यास प्रसिद्ध केला. दाहाशी निगडित ‘आयपी-१०’ या रेणूचे वाढलेले प्रमाण मृत्यूच्या धोक्याशी जोडलेले आढळले. रक्तवाहिन्यांच्या घडणीवर परिणाम करणारे घटकही त्यांनी तपासले होते. म्हणजे प्रश्न चेतापेशीच्या बाहेरच विचारला गेला होता. मला हे काम महत्त्वाचे वाटते ते त्यामुळे.

पण वाचलेल्यांचे काय? युगांडातील एका अभ्यासात या आजारातून वाचलेल्या सुमारे २६ टक्के मुलांत दोन वर्षांनंतरही बौद्धिक क्षमतेतील उणीव दिसली. आपल्याकडे २०३० पर्यंत हिवताप निर्मूलनाचे लक्ष्य आहे. त्याचा हिशेब रुग्ण आणि मृत्यू यांत होतो. शुद्धीवर येऊन घरी गेलेले मूल त्या हिशेबात ‘बरे झालेले’ ठरते.

जबलपुरात संशोधन संस्था आणि वैद्यकीय महाविद्यालय एकाच शहरात आहेत. अशा मुलाला वर्षाने परत बोलावून त्याची स्मृती आणि अवधान तपासायला महागडे यंत्र लागत नाही. मंडला-दिंडोरीहून येण्याजाण्याचे भाडे लागते आणि गोंडीत प्रश्न विचारू शकेल असे माणूस.