नाच त्यांचा, शेजार आपलाही

अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात 'कॉन्ट्रा डान्स' नावाचं एक जुनं लोकनृत्य आहे. समोरासमोर दोन लांब रांगा, मंचावर फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिन, आणि माईकवरून पुढची चाल सांगणारा 'कॉलर'. जोडीदारासोबत नाचत नाचत रांगेतून पुढे सरकायचं, त्यामुळे वाटेत प्रत्येक अनोळखी माणसाचा हात हातात घ्यावाच लागतो. हे नाच मुळात इंग्लंडमधून आले, त्यावर फ्रान्सचे संस्कार झाले आणि सुरावटी आल्या आयर्लंड, स्कॉटलंड आणि क्वेबेकमधून. थोडक्यात, आज इथली माणसं जिला 'आमची परंपरा' म्हणतात, ती बाहेरून आलेल्यांनीच आणलेली आहे.

बॉस्टनच्या आसपास हे नाच चर्चच्या किंवा गावच्या हॉलमध्ये होतात. या मंडळींत 'बेनिफिट डान्स'ची पद्धत आहे. वादक आणि कॉलर त्या दिवशीचं मानधन सोडतात आणि खर्च वजा जाता दारावर जमलेला पैसा एखाद्या कामाला दिला जातो. स्थानिक स्थलांतरितांना मदत हे आता त्यातलंच एक काम झालं आहे. नाचणारे बहुतेक पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. त्यांना व्हिसाची चिंता नाही. तरीही ते खिशात हात घालतात.

या पैशानं काय होतं? इथे फौजदारी खटल्यात गरीब आरोपीला सरकार वकील देतं. इमिग्रेशन कोर्टातला खटला मात्र दिवाणी मानला जातो. तिथे वकील करायचा हक्क आहे, पण स्वतःच्या पैशानं. अशा कोर्टांत 30 लाखांहून जास्त प्रकरणं पडून आहेत. ताब्यात घेतलेल्या माणसाला जामीन मंजूर झालाच, तर कायद्यानं किमान रक्कम 1500 डॉलर आहे, प्रत्यक्षात बहुधा बरीच जास्त लागते. आता साधा हिशेब करा. दीडशे माणसांनी प्रत्येकी 20 डॉलर दिले तर एका संध्याकाळी 3000 डॉलर उभे राहतात. एखाद्या घरातला कमावता माणूस त्यामुळे परत येऊ शकतो.

आता आपल्याकडे वळू. मंडळात हा विषय काढला की ठरलेलं उत्तर येतं, "आपण कागदपत्रं देऊन, रांगेत उभं राहून आलो. बाकीच्यांचं आपण का बघायचं?" प्रश्न चुकीचा नाही, पण अर्धा आहे. कोण कायदेशीर आणि कोण नाही हे न्यायाधीश ठरवणार. वकील फक्त समोरच्याची बाजू ऐकली जाईल एवढं बघतो. शिवाय आश्रय मागणं हीसुद्धा कायद्यातलीच वाट आहे.

आणि आपली रांग तरी कितीशी पक्की? सप्टेंबर 2025 मध्ये नव्या एच-1बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली, तेव्हा आपले व्हॉट्सअॅप ग्रुप रात्रभर जागे होते. सुट्टीवर गेलेले लोक मिळेल त्या विमानानं परत निघाले. आपल्यापैकी बहुतेकांना धीर आला तो कंपनीच्या वकिलाच्या ईमेलनं. आपल्या आवडत्या भारतीय हॉटेलात तंदूरवर नान लावणारा साल्वादोरचा माणूस, ऑफिस झाडणारी ब्राझीलची बाई, यांना असा ईमेल कोणी पाठवत नाही. त्यांच्यात आणि आपल्यात लायकीचा फरक असेलच असं नाही, वकिलाचा नक्की आहे.

कलेतून पैसा उभा करणं मराठी माणसाला कोणी शिकवायला नको. 1921 साली बालगंधर्व आणि केशवराव भोसले, दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे नायक, टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान'मध्ये एकत्र उभे राहिले होते. आपलं गाऱ्हाणं बाजूला ठेवून कलावंत सार्वजनिक कामाला लागतो, ही आपलीही रीत आहे.

"मंडळात राजकारण नको" हेही खरं. धर्मादाय म्हणून नोंदलेल्या संस्थेला उमेदवाराचा प्रचार करता येत नाहीच. पण नोंदणीकृत कायदेशीर मदत संस्थेला देणगी देणं म्हणजे प्रचार नव्हे. व्हिसावर असलेल्यांना नाव पुढे करायची भीती वाटते, आणि ती खोटी नाही. म्हणूनच हे काम नागरिकत्व मिळालेल्यांनी पुढे होऊन करावं. बाकीच्यांनी नुसतं तिकीट काढलं तरी पुरे.

गणपतीत लेझीम असतं, दिवाळीत लावणी असते, हॉलही भरतो. वर्षातला एक कार्यक्रम, फक्त एक, शेजारच्या गावातल्या स्थलांतरितांच्या वकिलासाठी करूया. पुढच्या कार्यकारिणीच्या बैठकीत कोणीतरी हा विषय मांडा. अनुमोदन द्यायला दुसरा हात नक्की वर येईल.