पोराच्या बॅगेतलं आणि डोक्यातलं



परवा दुपारी आडसालीच्या प्लॉटात उभा होतो. पाऊस उघडल्यापासून एका कडेला केवडा दिसतोय. कोवळी पानं पिवळी पडलीत, शिरा तेवढ्या हिरव्या. तेवढ्यात बांधावर एक मोटारसायकल थांबली. पाठीवर बॅग, अंगात कंपनीचा टीशर्ट. म्हटलं, आला विक्रीवाला.

पोरगं जवळ आलं, पण बॅग उघडायच्या आधी खाली बसलं. एक ढेकूळ उचललं, खिशातनं एवढीशी प्लास्टिकची बाटली काढून दोन थेंब टाकले. ढेकूळ फसफसलं.

"काका, चुनखडी आहे हो. लोह जमिनीत आहे, पण मुळाला मिळत नाही."

"मग काय देऊ?"

पोरगं गप्प झालं. मग हसून म्हणालं, "माझ्या बॅगेत ईडीटीएवालं लोह आहे. पण एवढ्या सामूच्या मातीत जमिनीतनं दिलं तर ते टिकत नाही. ईडीडीएचए चालतं, पण महाग पडतंय. तुम्ही हिराकस शेणखतात मुरवून द्या आणि एक फवारणी घ्या. माझं नाव सांगू नका म्हणजे झालं."

चहाला घरी घेऊन आलो. गाव खटाव तालुक्यातलं, घरची तीन एकर जिराईत. चार वर्षं बी.एस्सी. ॲग्री केलं, नोकरीला दीड वर्ष झालं. काम काय? सकाळी वीस शेतकऱ्यांचे फोटो ॲपवर टाकायचे, दुपारी दुकानदाराकडं बसून स्टॉक मोजायचा, महिनाअखेर 'लिक्विडेशन' झालं नाही की साहेबाचा फोन. आम्लाची बाटली स्वतःच्या पैशानं घेतलेली. "काका, दीड वर्षात मातीचा एक रिपोर्टसुद्धा कुणी वाचायला दिला नाही. शिकलो ते विसरायला लागलोय. पुण्याला जाऊन एमपीएससीच करतो आता." त्याच्या वर्गातले निम्मे तिथल्या अभ्यासिकेत आधीच बसलेत म्हणे.

मला हसू आलं नाही, कारण हे मी स्वतः भोगलंय.

1999 ला मीपण असाच बॅग घेऊन फिरत होतो. कंपनीचं नाव राहू दे. माझा भाग सातारा जिल्हा: कराड, कोरेगाव, फलटण. कोरेगाव भागात एकाचं आल्याचं रान होतं. भारी काळी जमीन, सपाट, ऑगस्टचा पाऊस. कंदकूज सुरू झालेली. मला बघताक्षणी कळलं होतं की आधी चर काढून पाणी बाहेर घालवायला पाहिजे, औषध त्यानंतर. पण तारीख होती 28 आणि माझं टार्गेट अर्धं राहिलेलं. मी ड्रेंचिंगचं औषध लिहून दिलं. चराचं बोललो, पण जाता जाता, गाडीला किक मारताना. तो म्हणाला, "सर, तुम्ही सांगाल ते." पंधरा दिवसांनी गेलो तर निम्मं रान सडलेलं. आणि वर तोच मला म्हणतोय, "पाऊसच तसा होता सर, तुमचा काय दोष."

शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पुढच्या वर्षी नोकरी सोडली. पण एक खरं सांगतो, घरची चार एकर बागायत होती म्हणून सोडू शकलो. जिराईतवाल्या पोराला "दे राजीनामा तोंडावर फेकून" असा सल्ला फेसबुकवर देणं फार सोपं आहे.

आमच्या पलूस तालुक्यात किर्लोस्करवाडी आहे. कारखाना सगळ्यांना माहीत असतो, मास्तर माहीत नसतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर आधी मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायचे. हक्काची बढती डावलून दुसऱ्याला दिली, तेव्हा नोकरी सोडून बेळगावला भावाबरोबर सायकलच्या धंद्यात पडले. त्यातनं पुढं कडबा कापायचं यंत्र आलं, मग लोखंडी नांगर. आणि तो नांगर आपल्याच आजा-पणजांनी घ्यायला नको म्हटलं. लोखंडानं जमीन विषारी होते, अशी समजूत. नांगर पडून राहिले. 1910 ला औंधच्या राजांनी कुंडलजवळचा माळ दिला, तिथं ही वाडी उभी राहिली. म्हणजे मास्तरकी सोडल्यावर लगेच सोनं झालं, असं काही घडलं नाही. मधे बरीच वर्षं गेली, आणि पाठीशी भाऊ होता.

त्याच किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरणारा एक विक्रेता होता. भाऊराव पाटील. आपले कर्मवीर. नांगर विकता विकता त्या माणसानं खेड्यातली न शिकलेली पोरं बघितली आणि 1919 ला कराडजवळ काल्याला रयत शिक्षण संस्था काढली. फिरतीची नोकरी वाया गेली असं त्यांच्या बाबतीत कोण म्हणेल?

पण ही उदाहरणं सांगून पोरांना गप्प बसवायचं नाहीये मला. बोलायचंय ते आपल्याबद्दल, शेतकऱ्यांबद्दल.

आपण बाटलीला पैसे देतो, सल्ल्याला देत नाही. दुकानात दोन हजाराचं टॉनिक उधारीवर उचलतो, पण कुणी "माती बघून सांगतो, पाचशे रुपये होतील" म्हटलं की "सांगायचे कसले पैसे?" मग कंपनी काय करणार? सांगणाऱ्याचा पगार बाटलीतनंच काढणार. पोराच्या डोक्यातलं जे आहे त्याला गिऱ्हाईक नाही, बॅगेतल्याला आहे. तासगाव-मिरजेकडचे द्राक्षवाले एकराला फी देऊन सल्लागार ठेवतात. तिथं चूक झाली की धरायला माणूस असतो, म्हणून तो माणूसपण रात्री आठला प्लॉटवर येतो. ऊसवाल्यांनी, आलेवाल्यांनी हे का करू नये? रावेला आलेली कॉलेजची पोरं आपल्या गावात राहून माती परीक्षणाचं प्रात्यक्षिक दाखवतात, आपण फोटोपुरतं उभं राहतो. तीच पोरं पुढं बॅग घेऊन आली की "पुन्हा आला विक्रीवाला". मीपण परवा तेच म्हटलं की, वर लिहिलंय.

कंपनीत काम करणारे मित्र हे वाचत असतील. तुमच्यावर राग नाही. पण एक विचारतो: ज्याला चार वर्षं मृदाशास्त्र शिकवलंय त्याच्याकडनं फक्त फोटो अपलोड करून घेता, हा तोटा तुमच्याही हिशेबात कुठंतरी दिसत असेल ना?

पोराला मी दोन गोष्टी सांगितल्या. एमपीएससी करायची तर कृषी सेवेची मनापासून कर, पण फक्त या कामाला कंटाळलास म्हणून पुण्याला जाऊ नको. तिथल्या खोलीतपण तोच कंटाळा भेटेल, वर खोलीभाडं. आणि सहा महिने नोकरी धरून रविवारी माझ्या गल्लीतल्या दहा उसाच्या रानांची माती बघ, वही ठेव. नमुन्याला पाचशे रुपये. उत्पन्न वाढलं नाही तर आम्ही तोंडावर सांगू, वाढलं तरी सांगू. मग ठरव.

तो लगेच हो म्हणाला नाही. "साहेबाला कळलं तर?" म्हणाला. भीती खरी आहे. नोकरीच्या कागदावर काय लिहिलंय ते आधी नीट वाच म्हटलं. दुकान टाकू नको, औषध विकू नको, फक्त माती बघ.

काल रात्री फोन आला, रविवारी येतो म्हणाला. दहापैकी सात जण पाचशे द्यायला तयार आहेत. तिघांचं "आधी बघू काय सांगतंय ते" असं चाललंय. त्यातला एक माझा सख्खा चुलतभाऊ. त्याच्या रानात केवडा माझ्यापेक्षा जास्त आहे.

हिराकस आणि शेणखत ढिगात मुरायला ठेवलंय. पानांचा फोटो पंधरा दिवसांनी इथंच टाकतो.