फक्त आईचं दूध... आणि आपण?

गेल्या सोमवारी बायको पुन्हा ऑफिसला जाऊ लागली. मुलगी जेमतेम साडेचार महिन्यांची.

दवाखान्याच्या भिंतीवर पोस्टर असतं बघा, 'पहिले सहा महिने फक्त आईचं दूध'. शंभर टक्के मान्य. वरचं पाणीसुद्धा नको, कारण आईच्या दुधातच 87-88 टक्के पाणी असतं. हे मी पनवेलच्या घामट दुपारी आजीला समजावलं. तिने मान डोलावली आणि माझी पाठ वळताच बाळगुटीची सहाण काढली :-) असो.

माझं भांडण पोस्टरमधल्या चित्राशी आहे. त्यात फक्त आई असते. नवरा नाही, सासू नाही, आणि बॉस तर नाहीच.

साधा हिशोब करू. 2017 साली कायदा बदलला आणि पहिल्या दोन मुलांसाठी भरपगारी रजा 12 वरून 26 आठवडे झाली. म्हणजे बरोब्बर सहा महिने! पण त्यातले 8 आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात, आणि पनवेल ते ऐरोली लोकलमध्ये उभ्याने जाणारी गरोदर बाई ते घेणारच. हिने 7 घेतले. उरले 19. बाकीच्या दीड महिन्याचं काय?

दूध काढून ठेवायचं, हे त्यावर उत्तर. हे काही परदेशी फॅड नाही. मुंबईत सायन हॉस्पिटलात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली आशियातली पहिली दूधपेढी काढली. ज्या आयांना जास्त दूध येतं त्यांचं दूध पाश्चराइज करून अपुऱ्या दिवसांच्या बाळांना देतात. म्हणजे पालिकेच्या गर्दीच्या हॉस्पिटलला जे जमलं, ते चकचकीत काचेच्या ऑफिसांना जमू नये? हिच्या ऑफिसात जागा विचारली तर उत्तर आलं, "वॉशरूम आहे ना." तिथे बसून कोणी डबा खाईल का हो?

सध्या ती यूपीएसच्या खोलीत दूध काढते. घरच्या फ्रिजमध्ये ते चार दिवस टिकतं. माझं वर्क फ्रॉम होम असलं की वाटी-चमच्याने पाजायचं काम माझं. पहिल्या दिवशी निम्मं माझ्या शर्टावर सांडलं.

आणि ज्या बाईला प्रयत्न करूनही दूध पुरत नाही, तिला पोस्टर दाखवून रडवू नका, प्लीज.

आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या ताई तर बाळंतपणानंतर दीड महिन्यात कामावर आल्या होत्या. त्यांना 26 सोडा, एका आठवड्याचाही पगार कोणी दिला नाही. आम्हीसुद्धा नाही. हे लिहिताना लाज वाटतेय. थकलेले पैसे काल दिले.

माझ्या ऑफिसात मी मेल टाकलाय: कडी लागणारी एक खोली, एक खुर्ची, एक छोटा फ्रिज. अ‍ॅडमिनचं उत्तर अजून यायचंय.