त्या पुलावरची दोन मिनिटं

टोळीत शिरलेल्या आणि पुढे ती सोडू पाहणाऱ्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाची कादंबरी शाळेच्या वाचनालयात नको, असं म्हणणारे पालक मला वसई-विरारमध्ये भेटतात. अशी पुस्तकं वाचून पोरं बिघडतील, हे त्यांचं म्हणणं. काळजी खरी आहे, पण तिच्यातून काढलेला निष्कर्ष मला अजिबात मान्य नाही.

‘भाईचा बड्डे’ असे फलक शाळेच्या वाटेवरच लागतात. तलवारीने केक कापल्याचे व्हिडिओ मुलांच्या मोबाइलवर फिरतात. पुस्तक हाती येण्याआधीच आकर्षण मुलापर्यंत पोचलेलं असतं. फलकावर दिसत नाही ती कोठडीतली रात्र, आणि जामिनासाठी आईने गहाण टाकलेलं मंगळसूत्र. ते कादंबरीच दाखवू शकते.

शिवाय दहशत हा इथे नवा विषय नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या चळवळीत दहशतीपुढे उभे राहिले, हे आपण अभिमानाने सांगतो. मग दहशत घालणाऱ्यांच्या मागे काठ्या घेऊन कोणाची पोरं धावतात, हे मुलांपासून का लपवायचं?

‘गुन्हेगार मुलगा नायक कसा?’ असाही आक्षेप येतो. आपला कायदा त्याला गुन्हेगार म्हणत नाही, ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतो. २०१५च्या बाल न्याय कायद्यात सोळा ते अठरा वयाच्या मुलावर निर्घृण गुन्ह्यासाठी प्रौढासारखा खटला चालवण्याची वाट आहे. पण ज्याचं प्रकरण बाल न्याय मंडळाने निकाली काढलं, त्याला दोषी ठरल्यामुळे पुढे अपात्र धरू नये, असंही त्यात आहे. कायदा एवढं देतो, तर मराठी वाचकाने हात आखडता का घ्यावा? भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे बदमाशांचा माग काढतो, आणि तो मलाही प्रिय आहे. मला आता त्या बदमाशांसाठी निरोप पोचवणाऱ्या पोराची गोष्ट हवी आहे. अमेरिकेत एस. ई. हिंटनची ‘द आउटसायडर्स’ १९६७मध्ये आली, तेव्हा ही लेखिका स्वतः अठरा वर्षांची होती. तिने टोळीतल्या मुलालाच बोलू दिलं.

मात्र आईचे अश्रू पाहून पोरगा एका रात्रीत सुधारला, असली कादंबरी मला नको. ती खोटी आहे. टोळी त्याला जेवण देते, नाव देते, मारामारीत पाठीशी उभी राहते. हे मान्य न करणारा लेखक त्याला बाहेर काढूच शकणार नाही. नागपुरात विजय बारसे यांनी २००१पासून झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉल दिला. गुन्हेगारीकडे गेलेला अखिलेश पॉल त्या मैदानावर आला आणि २०१०मध्ये रिओतल्या बेघरांच्या विश्वचषकात भारताचा कर्णधार झाला. तिथे त्याच्या मागे अख्खा संघ उभा होता.

नालासोपाऱ्याच्या मुलाला टोळी सोडली तरी भाड्याची खोली सोडता येत नाही. रोज स्टेशनच्या त्याच पुलावरून, कठड्याला टेकलेल्या त्याच दोस्तांसमोरून जायचं. कोणीतरी जुन्या नावाने हाक मारणार. त्या दोन मिनिटांवर लेखकाने चाळीस पानं खर्च केली, तरी मी ती एका बैठकीत वाचीन.