सगळी दुखणी एकाच डॉक्टरांना सांगा

प्रताप नगरात मे महिन्यात स्कार्फ गुंडाळल्याशिवाय कोणी गाडी काढत नाही. तरी गाल लाल झालेच, तर आपण म्हणतो, ऊन लागलं. सांधे दुखले तर कामाचा शीण. केस गळले तर बोअरचं पाणी. गर्भपात झाला तर नशीब. प्रत्येक दुखण्याचं कारण वेगळं, डॉक्टरही वेगळे.

मैत्रिणींनो, लाल झालेला प्रत्येक गाल काही आजाराचा नसतो. पण ही दुखणी एकत्र येऊ लागली, तर त्यामागे ‘ल्युपस’ असू शकतो. यात शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते. मोठ्या वयाच्या दहा रुग्णांत जवळपास नऊ बायका असतात, त्याही ऐन संसाराच्या वयातल्या. गालांवरची फुलपाखरासारखी लाली उन्हानं वाढते, म्हणून आपल्याकडे ती उन्हाच्याच नावावर खपून जाते.

ल्युपस हृदयाच्या झडपांपर्यंतही पोचतो. न्यूयॉर्कच्या लिबमन आणि सॅक्स या डॉक्टरांनी १९२४ मध्ये असे चार रुग्ण नोंदवले. झडपेला सूज येते, तिच्यावर बारीक गाठी धरतात. पण त्यात जंतू नसतात. म्हणून नुसत्या अँटिबायोटिकनं हे बरं होत नाही. रुग्णाला बरेचदा काही जाणवतही नाही. मात्र गाठीचा तुकडा सुटून मेंदूत गेला, तर तरुणपणीच लकवा मारू शकतो. ल्युपससोबत रक्त गोठवणारी प्रतिपिंडं असतील, तर हा धोका वाढतो. वारंवार होणाऱ्या गर्भपातांमागेही तीच असू शकतात. अंडाशय, स्वादुपिंड, फुप्फुस यांच्या कर्करोगातही झडपांवर अशा बिनजंतूच्या गाठी होतात.

‘ईसीजी नॉर्मल आहे’ म्हणून निर्धास्त होऊ नका. झडपा ईसीजीत नव्हे, टू-डी इकोमध्ये दिसतात. इको करायचा की नाही, हे डॉक्टर ठरवतील. पण त्यासाठी त्यांना पूर्ण हकिगत कळायला हवी. नागपुरात मेडिकल आहे, सुपर स्पेशालिटी आहे. तिथंही अर्धीच हकिगत सांगितली तर काय उपयोग? एक फाइल करा. सांध्यांचे, त्वचेचे, बाळंतपणाचे, गर्भपाताचे सगळे कागद तीत लावा. मूळ आजार आटोक्यात ठेवणारी आणि गरज पडल्यास रक्त पातळ करणारी औषधं आहेत. ती मनानं बंद करू नका.

आणि घरच्यांनो, तिचं दुखणं ‘टेन्शन घेते’ म्हणून उडवून लावू नका. घरातल्या सगळ्यांच्या फायली नीट लावणाऱ्या बाईची स्वतःची फाइलही घरात असायलाच हवी.